लांब पल्ल्याच्या मोटारसायकलला मूळचाच सायलेन्सर हवा

महोदय,

कर्कश आवाजासाठी जप्त केलेले मोटारसायकलींचे सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांच्यावरून रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे राज्यातल्या निरनिराळ्या शहरांतून वर्तमानपत्रांत अधूनमधून येत असतात. कारवाई योग्यच आहे. मात्र तिच्याभोवतीची सगळी चर्चा गल्लीबोळांत गाडीतून फटाक्यांसारखे आवाज काढत फिरणाऱ्या पोरांपुरती राहते. मोटारसायकलवर सामान बांधून कोकण, गोवा, हंपी किंवा थेट स्पिती-लडाख गाठणारे आमच्यासारखे लोक स्वतःला त्या पोरांहून वेगळे समजतात आणि तरीही नवी गाडी घरी आली की पहिल्या सर्व्हिसिंगच्या आतच तिचा मूळ सायलेन्सर काढून फ्री-फ्लो, म्हणजे आत फारसे अडथळे नसलेला मोकळ्या नळीचा सायलेन्सर, बसवून घेतात. हे पत्र या माझ्याच मंडळींसाठी आहे. लांबच्या प्रवासाच्या गाडीला कंपनीने दिलेला सायलेन्सरच ठेवावा, असे माझे ठाम मत आहे आणि त्याच्या कारणांत दंडाची भीती सर्वांत शेवटी येते.

सायलेन्सर म्हणजे आवाज दाबणारा एक डबा, एवढीच आपली समजूत असते. साताऱ्यातल्या एका गॅरेजमध्ये गंजून फुटलेला जुना सायलेन्सर ग्राइंडरने उभा चिरलेला मला पाहायला मिळाला. आत पत्र्याचे पडदे घालून वेगवेगळे कप्पे केलेले होते, एका कप्प्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या नळ्यांना बारीक भोके होती आणि बाहेर पडण्याआधी वायूला एकदा उलटे फिरून यावे लागेल अशी सगळी रचना होती. वरून साध्या दिसणाऱ्या त्या नळकांड्यात इतका विचार भरलेला असेल, असे मला तोवर वाटले नव्हते. बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या गाड्यांत धुराच्या याच मार्गावर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, ज्याला गॅरेजवाले कॅटकॉन म्हणतात. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या महागड्या धातूंचा लेप दिलेली बारीक छिद्रांची ही जाळी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे रूपांतर करते. काही गाड्यांत ती बेंड पाइपमध्ये, म्हणजे इंजिनापासून सायलेन्सरपर्यंत येणाऱ्या नळीत असते, तर काहींत सायलेन्सरच्या पोटात. दुसऱ्या प्रकारच्या गाडीचा सायलेन्सर काढला की कॅटकॉनही त्याच्यासोबतच जातो आणि चालकाला पुष्कळदा त्याचा पत्ताही नसतो.

‘बॅक प्रेशर कमी झाले की इंजिन मोकळे होते आणि ताकद वाढते’ हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकू येते. बॅक प्रेशर म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराला होणारा अडथळा. पण गणित इतके सोपे नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा दाबाची एक लाट नळीतून पुढे जाते, नळी जिथे एकदम रुंद होते तिथून ती कमी दाबाची लाट होऊन परत फिरते आणि मिश्रण आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असताना ती परत पोहोचली, तर सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून घेते आणि ताज्या मिश्रणाला वाट करून देते. ही लाट कोणत्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना) नेमकी पोहोचणार, हे नळीच्या लांबीवर आणि आतल्या रचनेवर ठरते. रेसच्या गाडीत ते गणित वरच्या आरपीएमसाठी केलेले असते. प्रवासाच्या गाडीत ते खालच्या आणि मधल्या टप्प्यासाठी करतात. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० चे उदाहरण घ्या. तिचा २७ न्यूटन-मीटर हा सर्वाधिक टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारी ओढ, ४,००० आरपीएमला मिळतो, कारण मागे माणूस आणि दोन्ही बाजूंना बॅगा असताना आंबोली किंवा चोर्ला घाट चढताना ताकद तिथेच लागते. मोकळ्या नळीमुळे अगदी वरच्या आरपीएमला थोडाफार फायदा होत असेलही, पण तिथे आपण गाडी चालवतो तरी किती वेळ? घाटात मात्र खालची ओढ कमी झाल्यामुळे वारंवार गिअर उतरवावा लागतो. आवाज वाढल्यामुळे गाडी जोरात पळते आहे असे वाटते, हा भाग निराळा.

फ्युएल इंजेक्शन असलेल्या गाडीत याच्याही पुढची भानगड आहे. बेंड पाइपवरचा ऑक्सिजन सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजून ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाला, सांगतो आणि ईसीयू त्यानुसार हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण १४.७ ला १ च्या आसपास ठेवतो. एका लयीत गाडी चालू असताना ही दुरुस्ती होत राहते. थ्रॉटल पूर्ण उघडला की मात्र ईसीयू कारखान्यात भरलेल्या तक्त्यावरच चालतो आणि तो तक्ता मूळच्या सायलेन्सरसाठी बनवलेला असतो. त्यामुळे भर चढावर, जिथे इंजिनावर सर्वाधिक ताण असतो, तिथेच मिश्रण पातळ होण्याची, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडण्याची, आणि इंजिन तापण्याची शक्यता वाढते. सायलेन्सर बसवताना जोडावरचे गॅस्केट नीट बसले नाही, तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर गळतीच्या जवळ असेल, तर पेट्रोल कमी पडते आहे अशी त्याची समजूत होते, ईसीयू पेट्रोल वाढवतो आणि मायलेज उतरते. उतारावर थ्रॉटल सोडल्यावर येणारे ‘फट फट’ आवाज अनेकांना आवडतात; ते न जळलेले पेट्रोल तापलेल्या नळीत पेटल्याचे आवाज असतात. आमच्या एका सोबत्याच्या गाडीचा इंजिन लाइट मनालीच्या पुढे लागला तो विझेचना. सायलेन्सर बसवणाऱ्या दुकानदाराने फोनवर ‘काही होत नाही, चालवत राहा’ एवढेच सांगितले आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने बदल दाखवून वॉरंटीतून हात काढून घेतले. अशा मुलखात इंजिनाची काळजी डोक्यात घेऊन फिरणे म्हणजे पुढच्या वाटेतली सगळी गंमत घालवून बसणे.

शरीराचा हिशेब तर आम्ही कधी मांडतच नाही. ८५ डेसिबलचा आवाज कानाला आठ तासांपर्यंत चालतो आणि त्यापुढे प्रत्येक ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते, असा अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेचा दंडक आहे. म्हणजे ९४ डेसिबलला एकच तास उरतो. महामार्गाच्या वेगाला हेल्मेटमधला वाऱ्याचा आवाजच ९० च्या पुढे जातो. त्यात फ्री-फ्लोची एकसुरी घरघर मिसळली, आणि तीही नेमकी ज्या आरपीएमला आपण दिवसभर गाडी चालवतो तिथे घुमणारी असली, की संध्याकाळी मुक्कामाला पोहोचेपर्यंत डोके सुन्न होते. थकलेल्या चालकाला वळण उशिरा दिसते. लांबच्या प्रवासात मला सर्वांत मोठा धोका याचाच वाटतो.

मोठ्या आवाजामुळे ट्रकवाल्याला आपण आल्याचे कळते आणि जीव वाचतो, हा युक्तिवाद मी मनापासून ऐकून घेतला आहे, कारण तो करणारे माझे मित्र आहेत. पण सायलेन्सरचे तोंड मागे असते आणि धोका बहुतेक वेळा पुढून येतो. अमेरिकी संशोधक हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटारसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला आणि १९८१ मध्ये अहवाल दिला. तीन-चतुर्थांशाहून अधिक अपघातांत धोका चालकाच्या समोरच्या रेषेपासून दोन्ही बाजूंच्या ४५ अंशांच्या आत होता, असे त्यात नोंदवले आहे. काचा बंद करून एसी लावलेल्या समोरच्या मोटारीपर्यंत आपला आवाज पोहोचेपर्यंत आपण तिच्याजवळ गेलेलो असतो. दिवसा हेडलाइट, उठून दिसणारे जॅकेट आणि योग्य वेळी हॉर्न यांचा उपयोग त्याहून कितीतरी अधिक आहे.

आणि ज्यांना या प्रवासाशी काही देणेघेणे नाही, त्यांचे काय? साताऱ्याहून यवतेश्वर घाट चढून कास आणि पुढे बामणोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पावसाळा सरता सरता शनिवार-रविवारी मोटारसायकलींचे जथेच्या जथे येतात. बामणोलीच्या अलीकडे एक वयस्क बाई चार म्हशी घेऊन रस्त्याच्या कडेने चालल्या होत्या. मागून आलेल्या चार-पाच गाड्यांच्या धडधडाटाने पुढची म्हैस बिथरून रस्त्यावर आडवी आली आणि दोरी हाताला गुंडाळलेल्या त्या बाई तिच्यामागे फरफटत गुडघ्यावर पडल्या. गाड्या थांबल्या नाहीत. त्या चालकांना काही घडल्याचे कळलेही नसेल, कारण तो आवाज त्यांच्या मागे राहतो. १७५ सीसीहून मोठ्या मोटारसायकलसाठी कारखान्यातून बाहेर पडताना साडेसात मीटरवरून मोजलेल्या ८० डेसिबलची मर्यादा आहे. डेसिबलच्या मोजणीत दहाची वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट, हे लक्षात घेतले तर मूळ सायलेन्सर काढून टाकलेली एक गाडी अख्ख्या वस्तीला किती महागात पडते ते समजेल. ऑस्ट्रियातल्या तिरोल प्रांताने रॉयटे जिल्ह्यातल्या काही घाटरस्त्यांवर गाडी उभी असताना मोजलेला आवाज कागदपत्रांत ९५ डेसिबलपेक्षा जास्त नोंदवलेल्या मोटारसायकलींना २०२० पासून उन्हाळी हंगामात बंदी घातली आहे. तिथे कागदपत्रांतली नोंदच पाहतात, त्यामुळे कंपनीचा मूळ सायलेन्सर असलेल्या काही गाड्याही त्या बंदीत सापडल्या. आपल्याकडच्या गावांनी उद्या तसा ठराव केला, तर त्यांना दोष देता येणार नाही.

मूळ सायलेन्सर जड असतो आणि काही जणांना त्याचा आवाज निर्जीव वाटतो, हे मी मान्य करतो. वजन कमी झाल्याचा फायदा खरा आहे. पण आपण बॅगांत जे अनावश्यक सामान भरतो, त्यातले थोडे घरी ठेवले तरी तेवढेच वजन उतरते. पडझडीत किंवा गंजून सायलेन्सर बदलावाच लागला, तर त्याच मॉडेलसाठी कंपनीने दिलेला घ्यावा.

आता कायद्याविषयी थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले. ध्वनी व वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग झाल्यास कलम १९० खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने परवान्यावर गदा येऊ शकते. एवढे असूनही ‘फक्त रेसिंगसाठी’ असा स्टिकर लावलेले सायलेन्सर उघड्या दुकानांत मिळतात आणि तिथल्या तिथे रस्त्यावरच्या गाडीला बसवून दिले जातात. कारवाई या दुकानांपर्यंत क्वचितच पोहोचते. परिवहन विभागाने पीयूसी केंद्रांवरच ध्वनिमापक ठेवून नळीच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात उभ्या गाडीचा आवाज मोजावा आणि तो आकडा प्रमाणपत्रावर छापावा, म्हणजे नाक्यावरच्या पोलिसाला कानाच्या अंदाजावर विसंबावे लागणार नाही आणि मूळ सायलेन्सर असलेल्याला उगाच अडवलेही जाणार नाही. रायडिंग क्लबांनी मात्र शासनाची वाट पाहू नये. हेल्मेट आणि जॅकेटशिवाय राइडला घेत नाही ही अट आपण निमंत्रणात लिहितोच, तिच्या खाली मूळ सायलेन्सरची अट येत्या हंगामापासून लिहावी आणि निघण्याच्या ठिकाणी गाड्या तपासताना ती पाळावी.

आपला,
एक मोटारसायकल प्रवासी, सातारा