‘दोन्ही माद्याच आहेत, काका’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत, सुटीत मुलांना पाळायला सोपे प्राणी म्हणून सशाच्या जोडीला जर्बिल या उंदरासारख्या छोट्या प्राण्याचेही नाव वाचले. सोपा आहे, नाही असे नाही. मूळचा मंगोलियाकडच्या कोरड्या मुलखातला, त्यामुळे पाणी कमी पितो आणि घाणही फार करत नाही. पण त्या चार ओळींत नर-मादीबद्दल अक्षरही नव्हते, म्हणून हे पत्र.

मी रेल्वेतून निवृत्त झालेला गार्ड. (आता या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, आमच्या वेळी गार्डच.) गेल्या दसऱ्याच्या सुमारास नातीच्या हट्टापायी एका दुकानातून दोन जर्बिल आणले. ‘दोन्ही माद्याच आहेत, काका,’ दुकानदार म्हणाला. घरी आमच्या नव्वदीच्या आईने पेटीत डोकावून विचारले, ‘काय रे, पैसा दिसन उंदरं लई उना?’ (पैसे देऊन उंदीर घेऊन आलास?) शेतात बांधावर बिळे करणारा याचा देशी भाऊबंद तिने जन्मभर हाकलला, तिचेही बरोबरच.

9 डिसेंबरला पहाटे पेटीतून बारीक चिवचिव आली. कागदाच्या कपट्यांच्या घरट्यात पाच पिल्ले. गुलाबी, बिनकेसाची, डोळे मिटलेली, भुईमुगाच्या शेंगेएवढी. आई दाणे खायला उठली की दुसरी ‘मादी’ त्यांच्यावर ऊब देत बसे. इतका मायाळू बाप मी माणसातही कमी पाहिला.

नोंदी ठेवायची सवय गेलेली नाही. गर्भाचे दिवस साधारण पंचवीस, म्हणून 3 जानेवारीवर खूण केली, कारण व्यायल्याच्या रात्रीच मादी पुन्हा नर घेते, हे तोवर कळले होते. कळूनही मी नराला हलवले नाही, ही चूक माझी. पण 3 तारीख गेली, 10 गेली, आणि संक्रांतीला सहा पिल्ले आली. गाडी अकरा दिवस लेट! जळगावच्या एका पशुवैद्यांनी उलगडा केला: मादी अंगावर पाजत असली की पोटातले गर्भ रुजायचे थांबून राहतात. मग 16 जानेवारीला नराला पहिल्या वेतातल्या दोन मुलांबरोबर वेगळ्या काचपेटीत हलवले. दोन दिवस उशीर झालाच होता. 20 फेब्रुवारीला आणखी चार. एकूण पंधरा, त्यातले एक दुसऱ्या दिवशीच गेले.

नर ओळखणे खरे तर अवघड नाही. शेपटीच्या बुडाशी दोन छिद्रांमधले अंतर नरात जास्त, मादीत कमी. दोन पिल्ले शेजारी शेजारी धरली की फरक कळतो; वयात आलेल्या नराचा तिथला फुगीर भाग तर चष्मा न लावता दिसतो. फक्त शेपटीला धरून उचलू नये, वरची कातडी सोलून हातात येते. हे मला साठीनंतर जमले, तर रोज विकणाऱ्याला का जमू नये?

पिल्ले परत घेता का, म्हणून मी त्याच दुकानात फोन केला. उत्तर आले, ‘नाल्यात सोडून द्या ना काका, उंदीरच तर आहेत.’ पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी 2018 चे केंद्राचे नियम आहेत; राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आणि खरेदी-विक्रीच्या नोंदी त्यात सक्तीच्या आहेत. त्या नोंदीत आणि गिऱ्हाइकाच्या बिलावर ‘नर’ की ‘मादी’ एवढा एक शब्द लिहायला लावावा, ही पशुसंवर्धन खात्याला विनंती.

उन्हाळ्याचेही सांगतो. वाळवंटी प्राणी म्हणून भुसावळचा मे सोसेल, असे समजू नका. कूलरच्या ओल्या हवेने यांची लव चिकट होऊन उभी राहते, आणि कूलर नसेल तर जनावर धापा टाकते. मी पेटी मधल्या अंधाऱ्या खोलीत जमिनीवर ठेवली आणि आत एक फुटका माठ आडवा टाकला. दुपारभर सगळे त्यातच एकमेकांवर रचून झोपतात.

आता बापाजवळ एक मुलगा आणि आईजवळ दोन मुली राहिल्या आहेत. सात पिल्ले ओळखीच्या घरी गेली. उरलेले चार सगळे नर, दोन-दोनच्या जोड्यांत. एकटा नर देणार नाही, एकट्याने तो खंगतो. आणि घरी आधी मादी असेल त्यांनी विचारूही नये. अनोळखी मोठी जर्बिले एका पेटीत सोडली तर जीव जाईपर्यंत भांडतात, आणि जमलीच तर माझ्यासारखी वही लिहीत बसावे लागेल. माझा फोन नंबर आपल्या कार्यालयात देऊन ठेवला आहे.

आपला,
एक निवृत्त रेल्वे गार्ड, भुसावळ