क्रान कागदावर उतरत नाही: आयर्लंडच्या संस्कृतिमंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्रिमहोदय,
संस्कृती, संपर्क आणि क्रीडा खातं,
आयर्लंड सरकार, डब्लिन

स. न. वि. वि.

मराठीतलं हे पत्र पाहून तुमच्या कचेरीत कुणी गोंधळू नये म्हणून आधीच सांगतो, याची इंग्रजी प्रत टपालाने वेगळी पाठवली आहे. ही प्रत माझ्या माणसांसाठी. इथे आयर्लंडमध्ये राहणाऱ्या आणि तिकडे गावाकडे असलेल्या. त्यांतल्या बऱ्याच जणांनी गुरूसमोर बसून काहीतरी शिकलेलं आहे. गुरूसमोर बसून शिकणाऱ्याला आणि शिकवणाऱ्या गुरूला सरकारने पैसे द्यावेत, एवढंच मी मागतोय. ते त्यांना चटकन कळेल.

मी मूळचा मिरजेचा. सतार-तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीतून शाळेत जायचो. भोपळे वाळत घातलेले असायचे आणि एखादा कारागीर जवारी लावत, म्हणजे तारेखालची घोडी घासून सूर खुलवत, तार छेडत, पुन्हा घासत तासन्‌तास बसलेला दिसायचा. नोकरीने लिमरिकला आणलं. पोरगी इथलीच. ती अकरा वर्षांची असताना शाळेत कुणीतरी इलिन पाइप वाजवून दाखवले आणि घरी आल्यावर तिने जेवण सोडून तोच विषय लावून धरला. आता ती चौदाची आहे. दर शनिवारी तासभर गाडी चालवून मी तिला क्लेअरमधल्या एका म्हाताऱ्या पाइपरकडे नेतो आणि स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर गप्प बसतो.

मराठी वाचकांसाठी थोडं वाद्याबद्दल. ‘इलिन’ म्हणजे कोपराचा. तोंडाने फुंकायचं नाही, उजव्या कोपराखाली भाता, डाव्या काखेत पिशवी. ज्यावर सूर वाजतात त्या नळीला चँटर म्हणतात. त्याशिवाय एकच सूर धरून ठेवणारे तीन ड्रोन, आपल्या तंबोऱ्यासारखे, आणि मनगटाच्या कडेने चाव्या दाबून साथीचे सूर काढायचे तीन रेग्युलेटर. एवढा सगळा पसारा एका माणसाच्या मांडीवर. सात वर्षं शिकायचं, सात वर्षं घोटायचं, सात वर्षं वाजवायचं, मग तो पाइपर, अशी इथली म्हण आहे. आपल्याकडे बारा वर्षांत तप होतं, इथे एकवीस लागतात.

आता मागच्या महिन्यातला एक शनिवार. पोरीला क्रान जमत नव्हता. क्रान म्हणजे चँटरच्या सगळ्यात खालच्या स्वरावर, डी वर, वरची वेगवेगळी बोटं झपाझप उचलून त्या एका स्वराचे तुकडे पाडायचे. पुस्तकात तो तीन बारीक स्वर लिहून दाखवतात. तिने तसाच वाजवला. बरोबर होता आणि ऐकवत नव्हता. गुरुजी काही बोलले नाहीत. (ती त्यांना पहिल्या नावाने हाक मारते. इथली रीत तशीच आहे, पण मला अजून कसंतरी होतं.) त्यांनी आपला चँटर मांडीवरच्या कातड्यावर टेकवला, क्रान वाजवला आणि थांबले. पुन्हा वाजवला. मग तिचं बोट धरून किंचित उशिरा उचललं. किती उशिरा, ते मला सांगता येणार नाही, त्यांनाही सांगता आलं नसतं. तासाभराने एकदा, एकदाच, तो क्रान आला. म्हातारा हसला आणि म्हणाला, हा विलीचा. विली म्हणजे विली क्लॅन्सी, मिलटाउन मालबेचा सुतार आणि पाइपर, 1973 मध्ये गेला. त्याने ऐकून ऐकून घेतलं ते जॉनी डोरानकडून, जो घोडागाडीतून जत्रा आणि शर्यती करत फिरायचा. तिघांच्या हातातून आलेली ती गोष्ट शनिवारी दुपारी मिरजेच्या पोरीच्या बोटात उतरली.

मंत्रिमहोदय, माझं म्हणणं त्या एका तासाबद्दलच आहे.

तुमच्या सरकारने या संगीतासाठी काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. मिलटाउनला दर जुलैत विली क्लॅन्सीच्या नावाची शाळा भरते, गाव ओसंडून वाहतं. डब्लिनमध्ये पारंपरिक संगीताचं अभिलेखागार 1987 पासून आहे. हेन्रिएटा स्ट्रीटवरची ना पीबिरी इलिन ही पाइपरांची संस्था 1968 मध्ये उभी राहिली तेव्हा वादक शंभरही उरले नव्हते असं सांगतात. 2017 मध्ये पाइपवादन आणि 2019 मध्ये हार्प या उभ्या तारवाद्याचं वादन युनेस्कोच्या यादीत गेलं. कला परिषदेचं ‘देश’ हे अनुदान पारंपरिक कलांसाठीच आहे. (मराठी वाचकांनो, या आयरिश शब्दाचा अर्थ ‘संधी’.) आणि 2022 मध्ये तुम्ही 2,000 कलावंतांना आठवड्याला 325 युरो मूलभूत उत्पन्न सुरू केलंत, तेव्हा मी मिरजेच्या मित्रांना फोन करून करून सांगितलं होतं.

पण यातलं बहुतेक सगळं एकतर कार्यक्रमासाठी आहे, नाहीतर ध्वनिमुद्रणासाठी, नाहीतर जो आधीच कलावंत आहे त्याच्यासाठी. दोन माणसं एका खोलीत काही वर्षं बसणार, बाहेर दाखवण्याजोगं काहीच होणार नाही, याला पैसे मिळवायचे तर अर्ज वाकवावा लागतो. आम्ही एका ठिकाणी अर्ज केला होता. त्यात ‘अपेक्षित निष्पत्ती’ असा रकाना होता आणि शेजारी श्रोत्यांची अंदाजे संख्या विचारली होती. मी लिहिलं, एक. म्हणजे मी. अर्ज परत आला, आणि तो यायलाच हवा होता म्हणा, नियमांत तो बसत नव्हता.

ध्वनिमुद्रण आहे की, मग शिकवणीचं एवढं काय, असं कुणी विचारेल. डोरानचंच बघा. 1947 च्या अखेरीस लोककथा आयोगाच्या केविन डॅनाहरने त्याला डब्लिनमध्ये तबकड्यांवर मुद्रित केलं. त्यानंतर काही आठवड्यांतच वादळात त्याच्या गाडीवर भिंत कोसळली, तो अधू झाला आणि 1950 मध्ये गेला. त्या मूठभर तबकड्या नसत्या तर आज त्याचा आवाजही राहिला नसता, हे खरं. पण तबकडी ऐकून क्रान कसा वाजतो ते कळतं. बोट कुठे चुकतंय ते तबकडी सांगत नाही.

यापेक्षा कडू उदाहरण तुमच्याच इतिहासात आहे. 1792 च्या जुलैत बेलफास्टला हार्पवादक जमवले. आयर्लंडचे मिळून दहा आले, त्यांतले बरेच म्हातारे आणि आंधळे. सगळ्यात वडील डेनिस हेम्पसन, वय नव्वदीच्या पार. पितळी तारांवर वाढवलेल्या नखांनी वाजवणारा तिथे तो एकटाच उरला होता. स्वरलेखन करायला एडवर्ड बंटिंग नावाचा 19 वर्षांचा ऑर्गनवादक बसवला. त्याने चाली उतरवून घेतल्या, पुढे छापल्या, आणि छापल्या त्या पियानोसाठी. त्याचे उपकार आहेतच, त्याच्यामुळे चाली वाचल्या. पण नख तारेवर कसं पडतं आणि कुठली तार कधी दाबून गप्प करायची, हे शिकायला हेम्पसनजवळ कुणी बसलं नाही. 1808 मध्ये आंधळ्या मुलांसाठी हार्पची निवासी शाळा निघाली, पैशांअभावी काही वर्षांत बंद पडली. मग विसाव्या शतकात लोकांना जुन्या नोंदी आणि संग्रहालयातली वाद्यं चाचपत ती विद्या अंदाजाने पुन्हा उभी करावी लागली. तुमच्या खात्याच्या लेटरहेडवर हार्प आहे. नाण्यांवरही आहे.

ज्याचं चित्र तुमच्या जुन्या 50 पौंडांच्या नोटेवर होतं, त्या टरलॉ ओ’कॅरोलनचं मात्र नशीब निराळं. अठराव्या वर्षी देवीच्या रोगाने डोळे गेले. रॉसकॉमनच्या मॅक्डरमॉट रो घराण्यातल्या बाईंनी त्याला हार्प शिकायला ठेवलं, तीनेक वर्षं खर्च केला आणि शिकून झाल्यावर एक घोडा, एक वाटाड्या आणि थोडे पैसे देऊन वाटेला लावलं. बाईंनी निष्पत्ती विचारली असेल असं वाटत नाही. 1738 मध्ये मरायला तो त्याच घरी परत आला.

आमच्याकडे हे काम संस्थानिकांनी केलं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी आश्रय दिला, त्यातून केवढं गाणं महाराष्ट्राला मिळालं. संस्थानं गेल्यावर सरकारने योजना आणल्या. तरुण कलावंतांना महिना 5,000 रुपये, दोन वर्षं, अशी केंद्राची शिष्यवृत्ती आहे. रक्कम तुटपुंजी आणि ती शिष्याच्या नावाने. मला जास्त पटते ती विभागीय सांस्कृतिक केंद्रांची गुरू-शिष्य योजना. तिच्यात गुरू, साथीदार आणि शिष्य या सगळ्यांनाच मानधन असतं. हे सांगताना आमचं सगळं सोनं आहे असा आव मी आणत नाही. गंडा बांधून घेतला की गुरूच्या घरचं पाणी भरायचं, चीज, म्हणजे बंदिश, मागितली की वर्षानुवर्षं टोलवाटोलवी, हेही त्याच परंपरेत होतं. तुमच्याकडे म्हातारा स्वतः चहा करतो आणि पोरीला बिस्किट देतो. तेवढं तसंच राहू दे.

तर मागणं असं. पैसे जोडीला द्या, एका गुरूला आणि एका शिष्याला मिळून, आणि तीन वर्षांसाठी द्या. एका वर्षात पिशवी आणि भात्याचं भांडणच मिटत नाही. अर्धे पैसे गुरूच्या हातात पडू देत, कारण आमचे गुरुजी तासाचे 30 युरो घेतात आणि तास अडीच तास चालतो. अर्ज तोंडी घेता आला तर फारच छान. ज्यांच्याकडून शिकायचं त्यांतल्या कितीतरी जणांना पोर्टलवर पासवर्ड बदलणं क्रानपेक्षा अवघड जातं. परीक्षा नको, वर्षातून एकदा कुणीतरी जाणत्याने जाऊन ऐकावं. आणि वाद्य करणाऱ्यांनाही यात घ्या. चांगल्या कारागिराच्या पाइपसाठी वर्षानुवर्षं रांगेत थांबावं लागतं. रीड, म्हणजे आवाज काढणारी पातळ पट्टी, बनवणं तर मी बघितलंय, बोरूसारख्या वेताची पट्टी तासायची, दोरा गुंडाळायचा, ओठांत धरून फुंकायची, ऐकायची, पुन्हा तासायची. मिरजेची जवारी आणि ही रीड, बघणाऱ्याला माणूस तोच वाटतो.

खर्चाचं म्हणाल तर, 50 जोड्या धरा, प्रत्येकीला वर्षाला 8,000 युरो. होतात 4 लाख. कला परिषदेला 2025 साठी तुम्ही 14 कोटी दिलेत. म्हणजे साडेतीनशे युरोंमागे एक. तुमच्या देशात इलेक्ट्रिशियन व्हायला चार वर्षं उमेदवारी करतात, त्या काळात पोराला पगार मिळतो, वर्गात असताना सरकार भत्ता देतं, आणि त्याला कुणी श्रोते किती असं विचारत नाही. उमेदवारीला पैसे द्यायचे असतात हे तुमच्या राज्याला माहीत आहे. तेच पाइपच्या बाबतीत मान्य करा, एवढंच.

कळावे,

आपला नम्र,
लिमरिकमधला एक मिरजकर बाप

ता. क. पत्राचा मजकूर गुरुजींना वाचून दाखवला. इंग्रजी प्रतीत मी त्यांना ‘मास्टर’ म्हटलं होतं. तो शब्द त्यांनी खोडायला लावला. पाइपर लिही म्हणाले. शिवाय, 50 जोड्यांत आपली जोडी धरू नकोस, पोरगी येतेच आहे, ज्याला गाडी चालवणारा बाप नाही असा एक पोरगा पलीकडच्या गावात आहे, त्याचं बघा म्हणाले.