पीएच.डी. झालेली परिचारिका रुग्णालयात नेमके काय करते? वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री महोदय,
वैद्यकीय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई.

विषय : उच्चशिक्षित परिचारिकांसाठी शासकीय रुग्णालयांत संशोधनाची पदे निर्माण करण्याबाबत.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

एखादी अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) पाळ्या सांभाळून एम.एस्सी. नर्सिंग करते, पुढे काही वर्षे खपून पीएच.डी. होते आणि शासकीय रुग्णालयात आपल्या जागी परत येते, तेव्हा तिच्या कामात काय फरक पडतो, हा प्रश्न मी आपल्यापुढे ठेवू इच्छिते. खरे उत्तर असे की, नावाआधी ‘डॉ.’ लागते, आणि तेही वॉर्डात कोणी उच्चारत नाही. ती पूर्वीच्याच तीन पाळ्यांत उभी राहते, परिसेविका (वॉर्डाची प्रमुख परिचारिका) होण्यासाठी सेवाज्येष्ठता यादीत आपला क्रमांक येण्याची वाट पाहते, आणि ज्या विषयावर तिने प्रबंध लिहिला त्याचा पुढचा अभ्यास करायला तिच्याकडे ना वेळ असतो, ना निधी, ना ते काम नेमून देणारे पद. ती अध्यापनाकडे वळली, तर पाठ्यनिर्देशिका किंवा अधिव्याख्याता म्हणून वर्गात जाते. पण मग रुग्णाशी तिचा संबंध विद्यार्थ्यांच्या क्लिनिकल पोस्टिंगपुरता उरतो. रुग्ण एका इमारतीत आणि अभ्यासाची सवड दुसऱ्या इमारतीत, अशी ही व्यवस्था आहे. मी परिचर्या (नर्सिंग) हा विषय शिकवते आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी मार्गदर्शन करते, म्हणून दोन्ही इमारती मला जवळून माहीत आहेत.

परिचारिकांचे संशोधन म्हणजे शैक्षणिक हौस, ती रुग्णसेवेच्या वेळेतून कशाला पुरवायची, असा एक समज प्रशासनात खोलवर रुजलेला आहे. हा समज किती महागात पडतो, हे परदेशातील तीन अभ्यासांवरून लक्षात यावे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लिंडा एकेन या मूळच्या परिचारिका. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या राज्यातील 168 रुग्णालयांत शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची माहिती तपासली आणि 2002 साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले की, एका परिचारिकेकडे असलेल्या रुग्णांत एकाची भर पडली, तर तीस दिवसांच्या आत रुग्ण दगावण्याची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. युरोपातील नऊ देशांच्या 300 रुग्णालयांचा अभ्यास 2014 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला, त्यातही जवळजवळ हाच आकडा निघाला, आणि शिवाय असेही दिसले की, पदवीधर परिचारिकांचे प्रमाण जिथे जास्त तिथे मृत्यूचे प्रमाण कमी. यावर एक आक्षेप रास्त होता. असे अभ्यास केवळ संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. तिसरा अभ्यास त्या आक्षेपाला बऱ्याच अंशी उत्तर देतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने 2016 साली परिचारिका आणि रुग्ण यांचे किमान प्रमाण कायद्याने ठरवून दिले, आणि ते लागू झालेल्या व न झालेल्या रुग्णालयांची आधीची व नंतरची तुलना 2021 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. जिथे प्रमाण लागू झाले तिथे मृत्यू, पुन्हा दाखल व्हावे लागणे आणि रुग्णालयातील मुक्काम या तिन्ही बाबतीत परिस्थिती सुधारली; आणि वाढीव परिचारिकांवर जो खर्च झाला त्याच्या दुपटीहून अधिक रक्कम वाचली. या अभ्यासाचे पहिले लेखक मॅथ्यू मॅकह्यू हेही परिचर्येचेच प्राध्यापक आहेत.

महोदय, पदभरतीचा प्रस्ताव घेऊन आपण वित्त विभागाकडे जाता तेव्हा आपल्या हाती असा एकही महाराष्ट्राचा आकडा नसतो. अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात दर तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अनेक वर्षांपासून कागदावर आहे. रात्रपाळीला प्रत्यक्षात किती असतात, हे आपण कोणत्याही रात्री आगाऊ सूचना न देता जाऊन पाहू शकता. पण त्या तफावतीमुळे छत्रपती संभाजीनगरच्या किंवा नागपूरच्या वॉर्डात किती रुग्णांना बेडसोर (एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) होतात, किती जणांना जंतुसंसर्ग होतो आणि शासनाचे त्यापायी किती पैसे जातात, हे पद्धतशीर मोजण्याचे काम कोणाच्याही कर्तव्यसूचीत नाही. निकष बाहेरून आला, मोजमाप झाले नाही. म्हणून वित्त विभागाची एक टिप्पणी त्याला परत पाठवायला पुरते.

आपल्या राज्यात असे काम होऊच शकत नाही, हे मात्र कोणी म्हणू नये. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील 1,31,746 स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधीचा अभ्यास बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, टाटा स्मारक केंद्र आणि आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून केला. एकदाच केलेल्या एचपीव्ही (या कर्करोगाला कारणीभूत ठरणारा विषाणू) तपासणीने या रोगाचे मृत्यू लक्षणीय कमी होतात, हा त्याचा 2009 सालचा निष्कर्ष जगभरातील आरोग्य धोरणांत उद्धृत होतो. त्या गावांमध्ये स्त्रियांना विश्वासात घेऊन नमुने घेण्याचे काम प्रशिक्षित परिचारिका-प्रसाविकांच्या हातून झाले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी घरोघरच्या नवजात बालसेवेचा जो प्रयोग 1999 साली जगापुढे मांडला, तो गावातल्या आरोग्यदूत स्त्रियांच्या बळावर उभा होता. महाडसारख्या गावी राहून डॉ. हिम्मतराव बावसकर यांनी विंचूदंशावरचे उपचार बदलून टाकले. म्हणजे मोठे शहर आणि संगमरवरी प्रयोगशाळा असल्याशिवाय संशोधन होत नाही, हे महाराष्ट्रानेच खोटे ठरवले आहे. मात्र ज्यांनी प्रश्न विचारला ते सारे डॉक्टर होते. परिचारिका आणि आरोग्यसेविका यांच्याकडे अंमलबजावणी आली. प्रश्न विचारण्याचा अधिकार आणि सवड त्यांना व्यवस्थेने दिलेली नाही, इतकेच माझे म्हणणे आहे.

मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे उदाहरण मला इथे द्यावेसे वाटते. ते महापालिकेचे आहे, आपल्या विभागाचे नाही, याची मला जाणीव आहे. 1973 साली झालेल्या हल्ल्यानंतर निश्चल अवस्थेत राहिलेल्या तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग यांची तिथल्या परिचारिकांनी चार दशकांहून अधिक काळ शुश्रूषा केली. त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवरील 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या परिचारिकांची मुक्तकंठाने प्रशंसा केली, आणि इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला बेडसोर झाले नाहीत याचे सगळ्यांनाच आश्चर्य वाटले. आश्चर्य वाटणे ठीक. पण ते आश्चर्य नव्हते, ते कौशल्य होते. कूस किती वेळाने बदलायची, त्वचेची निगा कशी राखायची, भरवायचे कसे, पिढी बदलली की नव्या मुलींना हे हातात हात धरून कसे शिकवायचे, याची ती चार दशकांची शिस्त होती. डॉक्टरांच्या एखाद्या विभागाने असे काही साधले असते, तर त्यावर शोधनिबंध आणि परिषदा झाल्या असत्या. इथे त्यागाचा गौरव झाला आणि कौशल्याचा अभ्यास करण्यासाठी पद, वेळ व पैसा देण्याची जबाबदारी कोणत्याही यंत्रणेवर पडली नाही.

आता आमच्या महाविद्यालयांच्या आतली गोष्ट. एम.एस्सी. नर्सिंगला प्रबंध सक्तीचा आहे. राज्यातील कोणत्याही नर्सिंग महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जाऊन प्रबंधांचे कपाट उघडावे. अमुक आजाराविषयीच्या ज्ञानावर नियोजित अध्यापन कार्यक्रमाची परिणामकारकता, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, साठ नमुने, निष्कर्ष : ज्ञानात लक्षणीय वाढ. शिकवल्यावर ज्ञान वाढले, हे सिद्ध करण्यासाठी दरवर्षी राज्यभरात किती कागद लागतो, याचा विचार करू नये हेच बरे. पण विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) मंजूर होऊन नैतिकता समितीची (रुग्णांवरील संशोधनाला मान्यता देणाऱ्या समितीची) परवानगी हाती येईपर्यंत, प्रत्यक्ष माहिती गोळा करायला काही आठवडेच उरतात. खर्च स्वतःच्या खिशातून करायचा असतो. वॉर्डातील रुग्णांवर एखादी नवी परिचर्यापद्धत तपासून पाहायची, तर तिथल्या विभागप्रमुखाची संमती लागते आणि ती मिळवून देणारे वरिष्ठ परिचर्या पद रुग्णालयात नसते. अशा वेळी एखाद्या शाळेत जाऊन प्रश्नावली भरून घेणे हाच सुटकेचा मार्ग ठरतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 1979 पासून वैद्यकीय पदवीच्या विद्यार्थ्यांना अल्पमुदतीची संशोधन शिष्यवृत्ती देऊन प्रश्न विचारायची सवय लावली. वैद्यकीय अध्यापकांच्या बढतीत शोधनिबंधांना स्थान आहे. परिचर्येत वर्षे मोजली जातात. अर्थात, उद्या केवळ निबंधांची संख्या मोजायला सुरुवात केली, तर पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांची चांदी होईल, आणि ते संकट आताच दारात आहे; म्हणून माझी मागणी निबंधांना गुण देण्याची नाही. मागणी कामाच्या जागेची आहे.

प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, रुग्णालय आणि नर्सिंग महाविद्यालय या दोहोंना जोडणारी काही पदे असावीत. त्या पदावरील पीएच.डी. किंवा एम.एस्सी. परिचारिकेचा अर्धा वेळ वॉर्डात आणि अर्धा अध्यापन व संशोधनात जावा, आणि तिने हाती घेतलेला प्रश्न त्याच वॉर्डातला असावा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने परिचर्येचे शिक्षण आणि सेवा एकत्र ठेवण्याची परंपरा पूर्वीपासून जपली आहे, तेव्हा हा प्रयोग देशाला अपरिचित नाही. सोबत संशोधनासाठी छोटा वार्षिक निधी असावा. राज्याच्या महाविद्यालयांतील नैतिकता समित्यांवर एक अनुभवी परिचारिका नेमण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नाही. त्यासाठी आपल्या विभागाचे परिपत्रक पुरेसे आहे. आणि अध्ययन रजेवरून परतलेल्या परिचारिकेला तिच्या विशेषज्ञतेच्याच विभागात नेमणूक मिळावी. बालरोग परिचर्येत एम.एस्सी. झालेलीला अस्थिरोग वॉर्डात पाठवण्याने शासनाने दिलेली रजाच वाया जाते. फिजिओथेरपी, व्यवसायोपचार, प्रयोगशाळा तंत्रज्ञान या शाखांची अवस्था वेगळी नाही, आणि अशा संलग्न आरोग्य व्यवसायांसाठीच्या 2021 च्या केंद्रीय कायद्यानंतर त्यांचाही विचार याच धर्तीवर करता येईल.

कायद्याचे बळही आपल्याकडे आहे. 1947 च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने 2023 साली केलेल्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग कायद्याच्या उद्देशवाक्यातच संशोधन व विकासाची व्यवस्था उभारण्याचा उल्लेख आहे, आणि राज्यांनी स्वतःचे आयोग नेमावेत अशी त्यात तरतूद आहे. महाराष्ट्राचा आयोग केवळ नोंदणी आणि तपासणी करणारे कार्यालय होऊ नये. त्यात संशोधनाचा स्वतंत्र विभाग पहिल्या दिवसापासून असावा.

सर्व महाविद्यालयांत एकदम हे करता येणार नाही, हे मी समजू शकते. दोन महाविद्यालयांपासून सुरुवात करावी, एक मोठ्या शहरातील आणि एक विदर्भ किंवा मराठवाड्यातील. त्या पदांवरील परिचारिकांना पहिला विषय रात्रपाळीचा द्यावा : परिचारिकांची संख्या, प्रत्येकीकडील रुग्ण, बेडसोर, जंतुसंसर्ग, मृत्यू आणि मुक्कामाचे दिवस, सलग दोन वर्षे. हे आकडे शासनाला अडचणीचे निघण्याची शक्यता दाट आहे. म्हणून ते जसे निघतील तसे विधिमंडळापुढे ठेवून प्रसिद्ध केले जातील, एवढी हमी नेमणुकीच्या आदेशातच लिहून द्यावी, ही विनंती.

आपली नम्र,
परिचर्या विषयाची एक अध्यापिका