ट्रान्सफॉर्मर येईपर्यंत

सोलापूर,
मार्चअखेर

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. सौर पॅनेल पत्र्यावर चढली, त्यांची डीसी वीज एसी करणारा इन्व्हर्टर भिंतीला लागला, पण भारवाढ (वीज कंपनीने मंजूर केलेला भार वाढवणं) होऊन मोठा ट्रान्सफॉर्मर बसायला अजून अवकाश आहे. तोवर यंत्रणा चालू करावी की तशीच ठेवावी, असं तू विचारलंस. माझं म्हणणं सरळ आहे: चालू कर. पण एक युनिटही मीटरबाहेर जाऊ देऊ नकोस, आणि वीज कंपनीला लेखी कळवल्याशिवाय स्विच वर करू नकोस. आमच्या अक्कलकोट रोडच्या कारखान्यात आम्ही हेच केलं, म्हणून सविस्तर लिहितोय. इचलकरंजीत तुझ्या शेडमध्ये फार वेगळं काही नसणार.

आमची स्थिती आधी सांगतो. टॉवेलचे सोळा माग, वाइंडिंग (सूत गुंडाळणं), दिवे-पंखे, सगळं मिळून दुपारी साधारण १२ किलोवॅट लागतात. मंजूर भार २७ हॉर्सपॉवरच्या आत, म्हणजे २० किलोवॅट. छतावर ५५० वॅटची ५४ पॅनेल, म्हणजे जवळजवळ ३० किलोवॅट; कारण नवे माग यायचेत. नेट मीटरिंगसाठी (बाहेर दिलेली वीज बिलातून वजा करून घेण्यासाठी) यंत्रणा मंजूर भारापेक्षा मोठी चालत नाही, म्हणून भारवाढ मागितली, आणि आमच्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर त्याला पुरेना. आणखी एक गोष्ट तूही तपासून घे: यंत्रमागाची वीज सवलत २७ हॉर्सपॉवरच्या आत वेगळी आणि वर वेगळी असते. ही रेघ ओलांडण्याआधी कागदावर हिशेब मांड. सौर पॅनेलने वाचणारे पैसे आणि सवलतीतला फरक एकाच पानावर लिहिले की निर्णय आपोआप दिसतो. आम्हाला ओलांडणं परवडतंय.

कायद्याची बाजू अशी, की महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांप्रमाणे ग्राहकाला स्वतःच्या मीटरच्या आतल्या बाजूला, कंपनीला आगाऊ कळवून, सौर यंत्रणा बसवता येते. मात्र सुरक्षिततेची जबाबदारी सगळी आपली. आम्ही पत्रासोबत सिंगल लाइन आकृती (जोडणीचा साधा नकाशा), इन्व्हर्टरची प्रमाणपत्रं आणि ‘निर्यात शून्य ठेवू’, म्हणजे वीज बाहेर पाठवणार नाही, असं हमीपत्र दिलं आणि पोच घेतली. ती पोच जपून ठेव. (घरच्या छताचं प्रकरण सोपं आहे. २०२४ च्या नियमांनी १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक पडताळणीच काढून टाकली आणि लागेल तेवढी भारवाढ कंपनीनेच करायची. वर सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये मिळतात. ते वहिनींना सांग. १० किलोवॅटवरच्या कारखान्याला यातलं काही लागू नाही.)

आता निर्यात शून्य का, ते नीट ऐक. जुना मीटर विजेची दिशा ओळखेलच असं नाही. बरेच मीटर बाहेर जाणारं युनिटही आत आल्यासारखंच मोजतात. म्हणजे तू वीज फुकट देणार आणि वर तिचंच बिल भरणार. दुसरं कारण वायरचं. समज, १० चौरस मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची सिंगल फेज सर्व्हिस केबल खांबापासून ६० मीटर आहे आणि तिच्यातून ५ किलोवॅट बाहेर ढकलले. जाऊन-येऊन १२० मीटर, २२ अँपिअर, म्हणजे ८ व्होल्ट चढतात. दुपारी आधीच २४५ असलेला दाब २५३ वर जातो आणि इन्व्हर्टर जास्त दाबाची तक्रार करत बंद पडतो. थ्री फेजमध्ये हा परिणाम कमी, पण दुबळ्या लाइनवर तिथेही दिसतो. मोठी केबल आणि मोठा ट्रान्सफॉर्मर मागायचा तो यासाठीच.

शून्य निर्यातीसाठी मीटरनंतरच्या मुख्य केबलवर तीन सीटी (वायरमधला करंट मोजणारी कडी) बसतात. त्या इन्व्हर्टरला सांगतात की बाहेरून किती येतंय, आणि बाहेर काही जाणार नाही इतकंच तो बनवतो. इथे माझा आग्रह आहे की बसवणारा माणूस ‘झालं साहेब’ म्हणाला तरी तू स्वतः उभा राहून पाहा. प्रत्येक सीटीवरचा बाण इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत दाखवलेल्या दिशेनेच हवा, आर, वाय, बी या तीन फेजच्या सीटी ज्या त्या फेजवरच हव्यात. एक सीटी उलटी लागली तर इन्व्हर्टरला बाहेर जाणारी वीज आत येतेय असं वाटतं आणि तो आणखी जोर लावतो. आम्ही भर उन्हात एकेक माग बंद करत गेलो आणि डिस्प्लेवर उत्पादन खाली येताना पाहिलं. शेवटचा माग थांबला तेव्हा पॅनेलही जवळजवळ शून्यावर आली. हे पाहिल्यावरच मी सही केली.

एक बारीक गोष्ट राहते, जी मला कुणी आधी सांगितली नव्हती. माग थ्री फेजवर, पण दिवे-पंखे कुठल्या तरी एका फेजवर. इन्व्हर्टर मात्र तिन्ही फेजवर सारखं देतो. बेरीज शून्य असली तरी एका फेजवरून बाहेर आणि दुसऱ्यावरून आत, असं होऊ शकतं. म्हणून सर्वांत कमी भार असलेल्या फेजवर मर्यादा धरायची सेटिंग घे. शिवाय लक्ष्य अगदी शून्य ठेवू नकोस. माग अचानक थांबला की इन्व्हर्टरला खाली यायला थोडे सेकंद लागतात, तेवढ्यात थोडी गळती होतेच. आम्ही थोडी वीज कायम बाहेरून येईल असं ठेवलं. त्यातले पैसे गेले तरी झोप लागते.

पॉवर फॅक्टरकडे, म्हणजे घेतलेल्या विजेतली खरी कामाला येणारी किती या प्रमाणाकडे, तर तू लक्ष द्यायलाच हवंस. माझं १२ किलोवॅटचं लोड, मोटारींचा पॉवर फॅक्टर ०.८ धर. म्हणजे ९ केव्हीएआर रिअ‍ॅक्टिव्ह वीज, जी काम करत नाही पण मोटारींना चुंबकत्वासाठी लागतेच. सौर यंत्रणेने ९ किलोवॅट दिले की बाहेरून फक्त ३ किलोवॅट येतात, पण ते ९ केव्हीएआर तसेच बाहेरूनच. मीटरला दिसणारा पॉवर फॅक्टर थेट ०.३२! मोटारी त्याच, माग तेच, पण बिलावर भुर्दंड बसू शकतो. आपण पूर्वी लावलेले ठरावीक मापाचे कपॅसिटर इथे पुरत नाहीत. भार बदलेल तसे कपॅसिटर आपोआप जोडणारं-सोडणारं एपीएफसी पॅनेल घे, किंवा इन्व्हर्टरकडूनच थोडी रिअ‍ॅक्टिव्ह वीज घे. हा खर्च कोटेशनमध्ये नसतो, तूच विचार.

चाचण्यांचं म्हणशील तर त्या ग्रीडशिवायही होतात, त्यासाठी थांबू नकोस. आमच्याकडे १८-१८ पॅनेलच्या तीन स्ट्रिंग (एकापुढे एक जोडलेल्या माळा), प्रत्येकी ८९० व्होल्टच्या आसपास. जोडलेलं काही नसलं तरी ऊन आहे तोवर हा दाब टोकांवर उभाच असतो, म्हणून शेडमधल्या पोरांना डीसी बॉक्सला हात लावायची सक्त मनाई कर. मेगर (वायरींचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लाव, अर्थिंग मोज. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा आकडा चढतो, तेव्हा आत्ताच मोजलेला बरा.

लाइट गेली की भर दुपारीही हे बंद होणार, याची कामगारांना आधीच कल्पना दे. आमच्याकडे पहिल्यांदा झालं तेव्हा सगळे वर बघायला लागले, ‘ऊन तर आहे की!’ मी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की खांबावर लाइनमन चढलेला असतो. लाइन मेली समजून तो हात घालतो, तेव्हा आपल्या पॅनेलमधून तिच्यात वीज जाता कामा नये. ते लगेच पटलं. लाइट आल्यावर इन्व्हर्टर काही मिनिटं बघत राहतो, दाब आणि ५० हर्ट्झ जुळले की मगच जोडला जातो. मला ते बघायला फार आवडतं. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ७६५ केव्ही वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रीड उरलेल्या देशाशी एका तालात आलं, ते आपल्याच गावाच्या उंबऱ्यावर. तेव्हा इतक्या प्रचंड यंत्रणा जुळवायला जे लागलं, तेच लहान प्रमाणात माझ्या भिंतीवर रोज सकाळी घडतं.

जनरेटर असेल तर इंटरलॉक घाल, म्हणजे एका वेळी दोन्हीपैकी एकच चालेल. जनरेटर आणि सौर यंत्रणा एकत्र चालू झाले आणि वीज जनरेटरमध्ये शिरली तर तो खराब होईल.

तोटा आहेच. सुट्टीच्या दिवशी माग बंद, म्हणजे तेवढ्या दिवसाचं जवळजवळ सगळं उत्पादन वाया. एरवीही दुपारी पॅनेल पूर्ण ताकदीने चालत नाहीत. किलोवॅटमागे रोज साधारण चार युनिट धरले तर आमचे १२० निघायला हवेत, तेवढे सध्या निघत नाहीत. पण बँकेचा हप्ता ट्रान्सफॉर्मरसाठी थांबत नाही, आणि जे काही मिळतं ते मागाच्या पोटात जातंय. वाइंडिंगचं काम आम्ही संध्याकाळवरून दुपारवर आणलं. कांडीवाल्या बायका खूश आहेत, दिवे लागायच्या आत घरी पोचतात.

तुझे आकडे पाठव: दुपारी बाराला तिन्ही फेजचे अँपिअर, सुट्टीच्या दिवशीचे तेच, आणि वर्षभराची बिलं. सीटी कुठल्या मापाच्या घ्यायच्या आणि सध्या किती पॅनेल जोडायची, ते मी काढून कळवतो. तोवर स्विच खालीच राहू दे.

आईंना नमस्कार.

तुझा,
श्रीनिवास