पर्पेतुआचे उत्तर

जालना

चिरंजीव लेकीस,

प्रभू येशूच्या नावाने सलाम व अनेक आशीर्वाद.

वसतिगृहातल्या मुलींनी थट्टा केल्यापासून तू जेवणापूर्वी प्रार्थना करणे सोडलेस आणि त्याची टोचणी तुला लागून राहिली आहे, हे तुझ्या आईकडून कळले. तुला बोल लावण्यासाठी हे पत्र लिहीत नाही. रक्तसाक्षींसारखे, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्यांसारखे, धैर्य आपल्यात नाही, असे तू म्हणालीस, म्हणून त्यांच्याविषयीच चार गोष्टी लिहितो.

रोमी राजवटीत स्मुर्णा (आजच्या तुर्कस्तानातील इझमीर) येथील वृद्ध बिशप पॉलिकार्प यांना ख्रिस्ती म्हणून पकडण्याचा हुकूम निघाला, तेव्हा मित्रांच्या आग्रहावरून ते शहर सोडून एका मळ्यावर जाऊन राहिले होते. त्याच सुमारास क्विंतुस नावाचा एक जण मात्र आपण होऊन पुढे गेला आणि हिंस्र श्वापदे पाहताच त्याचा धीर सुटून त्याने श्रद्धा नाकारली. ख्रिस्ती मंडळीने ही दोन्ही उदाहरणे जपून ठेवली आणि आपण होऊन संकट ओढवून घेणे योग्य नाही, असे स्पष्ट लिहिले. पुढे शिपाई आले, तेव्हा पॉलिकार्प यांनी त्यांना जेवू घातले, प्रार्थनेसाठी थोडा अवधी मागितला आणि ख्रिस्ताची निंदा करण्यास सांगितल्यावर, ज्याची ८६ वर्षे सेवा केली त्या राजाची निंदा कशी करू, असे उत्तर दिले.

परंतु मी स्वतः सर्वांत अधिक वेळा वाचतो ती पर्पेतुआची हकिगत. इ.स. २०३ मध्ये उत्तर आफ्रिकेतील कार्थेज येथे ती ख्रिस्ती असल्यामुळे तुरुंगात होती. वय सुमारे २२ वर्षे आणि अंगावर पिणारे मूल. तिने तेथे लिहून ठेवलेल्या मजकुरात अंधाराची भीती आणि बाळाची काळजी मोकळेपणाने नोंदवली आहे, आणि म्हणूनच तिच्यावर माझा विश्वास बसतो. तिचा बाप वारंवार येऊन तिची विनवणी करी, माझ्या पिकल्या केसांची तरी दया कर म्हणे. तिने समोरच्या भांड्याकडे बोट दाखवून विचारले की, ह्याला दुसऱ्या नावाने हाक मारता येईल का; तशी मीही जी आहे, तीच म्हणवून घेणार, म्हणजे ख्रिस्ती. त्या बापाला अधिकाऱ्याच्या हुकुमाने छडीचा मार बसला, तेव्हा तो आपल्यालाच बसल्यासारखे दुःख तिला झाले. मुलीचा बाप म्हणून मला त्या म्हाताऱ्याला दोष देववत नाही. तरीही उत्तर तिचेच खरे होते, हे मी मानतो.

तिच्याबरोबर फेलिसिटी नावाची दासी होती, जी तुरुंगातच बाळंत झाली. वेणांनी ती कण्हत होती, तेव्हा पहारेकऱ्याने तिला हिणवले की, श्वापदांपुढे टाकतील तेव्हा काय करशील? ती म्हणाली की, आत्ताचे दुःख मी सोसते आहे, पण तेव्हा माझ्यासाठी सोसणारा दुसरा, म्हणजे ख्रिस्त, माझ्या ठायी असेल.

तुझ्यावरचा प्रसंग त्यांच्यापुढे लहान आहे, हे तुलाही ठाऊक आहे. कोणी विचारले, तर तू कोण आहेस ते न चिडता सांग. कोणी विचारले नाही, तर मुद्दाम दाखवण्याची गरज नाही. मनातली प्रार्थनाही प्रभू ऐकतो. थट्टेचा छळ होऊ लागला, तर अधीक्षिकाबाईंना सांग आणि मला लगेच फोन कर. पॉलिकार्प यांनीही मित्रांचे ऐकले होते, तेव्हा मदत मागण्यात कमीपणा मानू नकोस.

तुझे,
पप्पा