दहा हजारांत चित्रं आणि बॅनर

कोल्हापूर
रविवार

प्रिय संजू,

पेठेतल्या मंडळाचा बॅनर आणि पोरांच्या गोष्टींची चित्रं, दोन्ही घरच्या लॅपटॉपवर आणि दहा हजारांत करायची म्हणतोस. होतंय की! फक्त सॉफ्टवेअरवर एक रुपया घालू नकोस. फोटोशॉपचं भाडं भरायचं थांबलं की काम अडतं. क्रॅक कॉपी तर मुळीच नको, तिच्यासोबत व्हायरस घरात येतो.

चित्रासाठी क्रिटा हे रंगवायचं सॉफ्टवेअर घे. त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहे, स्टीम या ऑनलाइन दुकानात तेच विकत मिळतं. ए-फोर पान ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, २४८० बाय ३५०८ पिक्सेल. त्याचा एक लेयर, म्हणजे चित्राचा एक थर, साधारण ३५ एमबी मेमरी खातो, वीस लेयर झाले की ७०० एमबी, आणि मागे घेण्यासाठी जपलेल्या पायऱ्यांचं (अनडूचं) ओझं वेगळं. म्हणून तुझी ४ जीबी रॅम आधी ८ कर. उरलेल्या पैशांत सहा बाय चार इंचांचा पेन टॅब्लेट, म्हणजे पेनने रेघ काढायची पाटी, बसतो. पेन दाबूनही रेघ जाड होत नसेल तर क्रिटाच्या टॅब्लेट सेटिंगमध्ये पेन ओळखायच्या दोन पद्धतींपैकी विनटॅबऐवजी विंडोज इंक निवड आणि क्रिटा बंद करून उघड. तरी अडलं तर जुन्या टॅब्लेटचा ड्रायव्हर काढून टाक, दोन ड्रायव्हर एकमेकांत भांडतात.

अक्षरं मात्र इंकस्केप या दुसऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये. मुक्ता किंवा बालू हे फुकट युनिकोड फॉन्ट घे, जोडाक्षरं नीट बसतात. प्रेसवाल्याकडे तो फॉन्ट नसला तर मजकूर बिघडतो, म्हणून शेवटी 'ऑब्जेक्ट टू पाथ' कर, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार होतात. पण त्याआधी एक प्रत बाजूला ठेव, नंतर शुद्धलेखन सुधारता येत नाही.

बॅनरला ३०० डीपीआयचा हट्ट नको. सहा बाय चार फुटाला तेवढे ठेवलेस तर एकच लेयर सव्वा जीबीच्या घरात जाईल आणि लॅपटॉप जागेवर बसेल. महाद्वार रोडवर पलीकडच्या फुटपाथवरून बघणाऱ्याला ७२ डीपीआय, म्हणजे ५१८४ बाय ३४५६, पुरतं.

रंगांचं जप. पडद्यावरचा झगझगीत गुलाबी आणि पोपटी छपाईच्या शाईत येतच नाही, मळकट उतरतो. क्रिटात कंट्रोल-वाय दाबलंस की छापल्यावर साधारण काय दिसेल ते कळतं. रंगवताना मधूनमधून बघत जा, शेवटी बघून उपयोग नाही.

फोटो कापायला गिंप हे फुकट सॉफ्टवेअर आहेच. कुणी पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची फाइल, पाठवली तर ब्राउझरमध्ये फोटोपी हे संकेतस्थळ उघड.

पूर्ण बॅनर टाकण्याआधी फूटभर तुकडा छापून घे आणि मला दाखव.

तुझा,
विनू