अण्णा, उद्यापासून पिठलं तुमच्याकडे

बेंगळुरू,
बुधवार, रात्री साडेदहा

ती. अण्णा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

रोज रात्री पावणेनऊला फोन येतो आणि आई विचारते, ‘काय जेवलास?’ मी ‘आमटी-भात’ म्हणून मोकळा होतो, कारण ते उत्तर ऐकलं की आई, तू पुढचं काही विचारत नाहीस. काल मात्र मी खरंच रांधलं. ते फोनवर मावणार नाही म्हणून लिहायला बसलोय. अण्णा, तुमच्याकडे एक कामही आहे. ते शेवटी सांगतो, पण आधीच पान उलटून बघू नका.

काल मंगळवार. तुमच्या सुनेची पाळी साडेनऊपर्यंत. व्हाइटफील्डहून मेट्रोत उभ्यानं आलो आणि विजयनगरला उतरेपर्यंत चिमीचे तीन फोन. घरात अर्धा कोबी, दोन कांदे, लसणाचा एक गड्डा. बाहेरून मागवायचं म्हणून मोबाइल उघडलासुद्धा, पण मागच्या आठवड्यात चार वेळा तेच झालेलं. चिमीला म्हटलं, आज पिठलं-भाकरी. तिनं आईच्या फोनवर मेसेज टाकला, ‘बाबा भाकरी करतायत, लवकर ये.’

पिठल्याचं काही नाही, ते जमतं. रड भाकरीची. आई, गेल्या खेपेला तू बांधून दिलेलं शाळूचं पीठ डब्यात तसंच होतं, अडीच महिन्यांचं. वासाला ठीक वाटलं. पाणी खळखळ उकळलं, पिठात आळं करून ओतलं, उलथन्यानं हलवलं, हाताला सोसेल तसं मळलं. थापायला घेतलं तर कडेनं भेगाच भेगा. उचलायला गेलो, अर्धी हातात आणि अर्धी परातीत. तू बहात्तरच्या दुष्काळातल्या लाल मिलो ज्वारीची गोष्ट सांगतेस ना, भाकरी थापता थापता फुटायची आणि आज्जी तुकडे तव्यावरच जोडायची? तस्संच. मग तुझं वाक्य आठवलं: पिठाची विरी गेली की ब्रह्मदेव आला तरी भाकरी व्हायची नाही. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं. उकळत्या पाण्यानं स्टार्च फुलून जो चिकटा येतो त्यावरच सगळा खेळ. हे मी वाचून सांगतोय. तू न वाचता पन्नास वर्षं करत आलीस.

खाली कोपऱ्यावर गिरणी आहे. कानडीतही गिरणीच म्हणतात, ‘हिट्टिन गिरणी’. गिरणीवाला गदगचा. मी ‘जोळद हिट्टु’ म्हटल्यावर त्यानं खात्री करून घेतली, ‘बिळी जोळ?’ म्हणजे पांढरी ज्वारी, कारण इकडे नुसतं जोळ म्हटलं की मकाही देतात. दुपारी दळलेलं होतं. पिशवी हाताला गारच लागली, पण मुठीत दाबलं की मूठ धरत होतं. अण्णा, त्याला मी मंगळवेढ्याचा म्हटल्यावर म्हणाला, ‘बसवण्णांचं गाव!’ आपण दामाजीपंतांचं म्हणतो, तो बसवण्णांचं. मी ज्वारीचं म्हणालो आणि २०१६ च्या भौगोलिक मानांकनाची माहितीही देऊन आलो. तुमचं ते पेपरचं कात्रण कपाटावर अजून आहे ना? मॉलमध्ये आता हीच ज्वारी ‘मिलेट’ म्हणून अर्ध्या किलोच्या गुळगुळीत पाकिटात मिळते. २०२३ चं भरडधान्य वर्ष झाल्यापासून तर फारच. तुम्ही भाव बघितलात तर तिथेच खाली बसाल.

ताज्या पिठाची पहिली जाड झाली. दुसरी जमली. वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, मग थेट आचेवर धरली आणि ती फुगली, आई. पूर्ण नाही, एका बाजूनं, सुजलेल्या गालासारखी. पण पापुद्रा सुटला. चिमीनं तो वर उचलून आत फुंकर मारली. तिच्या आईनं येऊन पहिला घास घेतला आणि विजापूरच्या माणसाला शोभेल अशा थंडपणानं म्हणाली, ‘आमच्याकडे याहून पातळ करतात.’ मग शेंगाची चटणी घेतली. ती तिला ‘शेंगा हिंडी’ म्हणते. आणि तीन भाकरी खाल्ल्या. तिचं कौतुक असंच असतं.

आता मूळ मुद्दा.

पाचव्या भाकरीला माझं उजवं मनगट भरून आलं. भाकरी सबंध हातानं थापतात असं मी आजवर समजत होतो. खरं म्हणजे तळहाताचा मनगटाकडचा भाग परातीवर दाबत, फिरवत जातो आणि सगळा भार तिथे येतो. पाचवी करून हात झटकला, आणि गेल्या खेपेची तुझी भाकरी डोळ्यांपुढे आली.

मी न कळवता आलो होतो, आठवतं? रात्रीचे नऊ झाले होते. गॅसचा ओटा कोरडा, शेगडीवर काही नाही. टेबलावर दुधाचे दोन पेले आणि बिस्किटांचा उघडा पुडा. ‘आमचं झालं रे, आज भूकच नव्हती,’ असं म्हणत तू उठलीस आणि अर्ध्या तासात माझ्यापुढे भाकरी, मेथी, आमटी, ठेचा मांडलास. मी आडवा हात मारला. लाज वाटते लिहायला, पण मारला. त्या भाकरीची कड एका बाजूला जाड होती. माझ्या जन्मात तुझ्या भाकरीची कड वाकडी बघितली नव्हती. दुधाची पिशवी तू दातानं फाडलीस. हिंगाची डबी ‘उघड जरा’ म्हणून माझ्याकडे दिलीस. तवा डाव्या हातानं उतरवलास. मी सगळं पाहिलं आणि काहीच पाहिलं नाही.

तू भूक नाही म्हणतेस ते खोटं आहे, आई. हात दुखतो, दोघांसाठी परात काढायचा कंटाळा येतो, आणि अण्णांना ‘दूध-बिस्किटं चालतील ना’ विचारलं की अण्णा ‘चालतील’ म्हणतात. अण्णांना गेली पन्नास वर्षं सगळंच चालतं. एकदाच चाललं नव्हतं, १९९५ ला. सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर सुरू केली तेव्हा सोलापुरात रांगेत उभं राहून खाऊन आले आणि घरी येऊन त्याची तारीफ केली. दोन दिवस तू बोलली नव्हतीस.

हिशेब करायची माझी खोड तुम्हाला माहीतच आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. अण्णा, तुमचं वजन ५८. म्हणजे साधारण ४८ ग्रॅम. पेलाभर दुधात सहा-सात असतात, बिस्किटांत न धरण्याइतकी. पन्नास ग्रॅम बेसनाच्या पिठल्यात दहाच्या आसपास, आणि भाकरीची वेगळी. दवाखान्यात तुम्हाला ‘अशक्तपणा’ म्हणून टॉनिकची बाटली लिहून दिली होती. माझ्या मते तो अशक्तपणा निम्मा तरी रात्री नऊ वाजता टेबलावर बसलेला असतो.

स्वयंपाकाला बाई लावा म्हटलं तर तुम्ही दोघं एक होता, म्हणून तो विषय काढत नाही. भाकरीचं असं करा: सोलापूरहून कडक भाकरीचा गठ्ठा आणून ठेवा, महिनाभर टिकते. कवळीला कडक लागेल हे मला कळतं. ताटात चुरा आणि वर गरम पिठलं वाढा, दोन मिनिटांत मऊ होते. आई, मऊ भाकरी मी येईन तेव्हा मी करीन. हसू नकोस.

आणि पिठलं, अण्णा, तुम्ही करायचं. चहा तुम्हाला येतो, म्हणजे गॅस पेटवता येतो. बाकीचं असं:

अर्धी वाटी बेसन पातेल्यात घ्या आणि थंड पाणी घाला, गरम नाही. आधी थोडंच, बोटानं गुठळ्या मोडा, मग दोन वाट्या होईल इतकं. सैल वाटेल, घाबरू नका, शिजताना दाटतं. लोखंडी कढईत दोन चमचे तेल. ते तापलं की मोहरी. ती तडतडायची थांबेपर्यंत हात बांधून उभे राहा. मग जिरं, हिंग, ठेचलेला लसूण चार-पाच पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या मोडून, एक कांदा उभा चिरून. कांदा मऊ झाला की हळद, आणि मग ते पीठ एका हातानं ओतायचं नि दुसऱ्या हातानं ढवळायचं. इथे फोन वाजला तरी घ्यायचा नाही, माझा असला तरी. रटरट आवाज यायला लागला की आच बारीक, झाकण, पाच-सात मिनिटं. मीठ निम्मंच, तुमच्या बीपीसाठी. हवं तर आईनं तिच्या ताटात वरून घ्यावं.

पहिल्या दिवशी गुठळ्या होतील. आई, त्या दिवशी तू स्वयंपाकघरात यायचं नाहीस. बाहेर मालिका बघत बसायचं आणि ‘करपतंय का बघा’ एवढंच तिथून म्हणायचं. कढईतून उलथनं काढून घ्यायचा मोह होईल, मला माहीत आहे.

हिंगाची डबी वरच्या फडताळात उजवीकडे आहे. झाकण घट्ट बसतं. मी येताना आट्यांना तेल लावून आलो होतो, तरी आईकडे उघडायला देऊ नका.

उद्या पावणेनऊला फोन मी करीन, आणि काय जेवलात ते अण्णांना विचारीन. कढईची खरवड निघाली की नाही तेही सांगा. चिमी इथे ती कुणाला देत नाही.

तुमचा,
बाळू